ज्यात श्वास ऐकू येतो

भाईंदरच्या केबिन रोडवरच्या त्या दुकानात जागृती शिरली ती फक्त सेल घ्यायला. शनिवार होता. वकीलसाहेबांचं ऑफिस दुपारीच बंद झालं होतं. हातातल्या पिशवीत मेथीची जुडी होती आणि डोक्यात चौक गावाला जाणारी बस. बाबांच्या ट्रान्झिस्टरचे सेल घ्यायचे, पूल ओलांडून पश्चिमेला जायचं आणि बसच्या रांगेत उभं राहायचं, एवढंच ठरलेलं.

"दोन मोठे सेल द्या," ती काउंटरवर म्हणाली... आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी बासरी वाजवली.

ती चटकन वळली. मागे कुणीच नव्हतं. पंखे होते, इस्त्र्या होत्या, आणि त्यांच्याही मागे काचेचं दार असलेली एक छोटी खोली. दार किलकिलं होतं. बासरी तिथूनच येत होती. पण ती रेडिओतली बासरी नव्हती, लग्नाच्या मांडवात भोंग्यातून येते तशीही नव्हती. आत कुणीतरी खरोखर बसलं होतं आणि वाजवत होतं. जागृतीने पिशवी छातीशी धरली आणि ती दारापर्यंत गेली.

आत एका खुर्चीत एक तरुण डोळे मिटून बसला होता. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मांडीवर दोन्ही हात.

"आत या, नाहीतर बाहेर राहा. पण दार लावा," तो डोळे न उघडताच म्हणाला.

ती आत आली. दार लावलं. आजूबाजूला पाहिलं.

"वाजवणारा कुठाय?"

त्याने डोळे उघडले. "कोण?"

"बासरीवाला."

तो हसला असता, तर ती तिथून निघून गेली असती आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण तो हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "मी पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा त्या पडद्यामागे जाऊन बघून आलो होतो."

मग त्याने एका चपट्या काळ्या पेटीचं बटण दाबलं. त्यातून एक कप्पा सरकत बाहेर आला. कप्प्यात एक चकती. त्याने ती दोन बोटांनी कडेला धरून तिच्यासमोर धरली. ट्यूबलाइटच्या उजेडात तिच्यावरून निळे-गुलाबी रंग सरकत गेले. शिंपल्याच्या आतल्या अंगावर सरकतात अगदी तसे. जागृती किनाऱ्यावर वाढलेली. असे रंग तिने हजारदा पाहिले होते. पण त्यांच्या आत बासरी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"ह्याला सुई नाही लागत?"

"नाही. आत प्रकाशाचा एक किरण आहे. तो वाचतो."

"प्रकाश... वाचतो?"

"हो," तो म्हणाला. जणू हे कबूल करताना त्यालाही थोडा संकोच वाटत होता. "मला कळतं कसं ते. पण खरं नाही वाटत."

दारातून दुकानाचे मालक उत्तमभाई डोकावले. "बेन, सेल ले लो. और लोकेशभाई, साल हो गया सुनते-सुनते. कभी खरीदोगे भी?"

लोकेशचे कान लाल झाले. जागृतीने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून. पण ते दिसलंच.

त्या दिवशी तिची बस चुकली.

*

चौक गावात बाळारामचं घर समुद्राकडे तोंड करून उभं होतं. बाळाराम म्हणजे जागृतीचे बाबा. काचबिंदूने त्यांचे डोळे हळूहळू नेले. आधी कडेकडेचं गेलं, मग समोरचं. होडी त्यांच्या भावाकडे गेली. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असत, हात मांडीवर उलटे टाकून. कुणी बोलावलं तर 'हां' म्हणायचे, एवढंच. जागृतीचा मोठा भाऊ विकी जहाजावर कामाला होता. त्याने रंगीत टीव्हीसाठी पैसे पाठवले होते. आई चंद्रावती रोज विचारायची, "कवा आनतेस गो टीव्ही? शेजारी सगल्यांकडं आला."

पण टीव्ही बाबांसमोर लावायचा? त्यांच्या अंगावर नुसते रंग पडतील आणि त्यांना ते दिसणारही नाहीत... हे जागृतीच्या मनाला काही पटत नव्हतं. आणि आता तर तिने ती बासरी ऐकली होती.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा दुकानात गेली. लोकेश होताच.

"सेल संपले?" त्याने विचारलं.

"नाही. मला हे घ्यायचंय. सगळं. काय काय लागतं?"

तो उभाच राहिला. "तुम्हाला... घ्यायचंय? म्हणजे खरंच?"

"तुम्ही वर्षभर काय करताय मग?"

"निवडतोय," तो म्हणाला. आणि या वेळी दोघंही हसली.

लोकेश वाव्हळ हाटकेशला राहायचा आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रार विभागात काम करायचा. दिवसभर लोकांच्या लाईनीतली खरखर ऐकून कान किटायचे. म्हणून शनिवारी इथे यायचा, स्वच्छ आवाज ऐकायला. त्याने तिला समजावून सांगितलं. सीडी प्लेयर चकती वाचतो, पण त्याचा आवाज अगदी बारीक असतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यात ताकद भरतो. आणि शेवटी स्पीकर तो आवाज खोलीत सोडतात. त्यातला एक जरी लबाड निघाला तरी सगळं बिघडतं.

"लबाड?"

"म्हणजे जे नाही ते मिसळणारा. आवाज मोठा करता करता स्वतःचंच काहीतरी घुसवणारा."

"अशी माणसंही असतात," जागृती म्हणाली.

"असतात," तो म्हणाला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

मग शनिवारमागून शनिवार गेले. थंडी पडली. केबिन रोडवर स्वेटरच्या गाड्या लागल्या. उत्तमभाईंनी एक अ‍ॅम्प्लिफायर पुढे केला. चकचकीत, हिरवे-लाल दिवे सुराबरोबर वरखाली नाचणारा. "ये लो बेन. इसका पावर देखो. पूरा गाव सुनेगा."

"गावाला नको. माझ्या बाबांना ऐकवायचंय."

"अरे, दिवे तर बघ..." असं उत्तमभाई चक्क मराठीत म्हणाले.

"दिवेही नकोत," ती हळू आवाजात म्हणाली. का नकोत ते मात्र तिने सांगितलं नाही. लोकेशला ते तिथेच कळलं. त्याने पुढे होऊन ते दिव्यांचं यंत्र बाजूला सरकवलं.

सीडी प्लेयरचा प्रश्न तिने चुटकीसरशी सोडवला. एकात पाच चकत्या एकदम मावत होत्या, दुसऱ्यात एकच. "आमच्याकडे एकच असणार," ती म्हणाली. लोकेश थक्क झाला. त्या दोन पेट्यांपुढे त्याने पूर्ण पावसाळा घालवला होता.

अ‍ॅम्प्लिफायरचं मात्र तसं झालं नाही. तीन होते. तिने तिन्हींवर तीच बासरी ऐकली, डोळे मिटून, ओठ किंचित उघडे ठेवून. लोकेश पहिल्यांदाच बासरी ऐकत नव्हता. तो तिला बघत होता. एका जागी तिच्या भुवया वर गेल्या, एका जागी मान आपोआप डावीकडे कलली. वर्षभर जे त्याने कानांनी शोधलं होतं, ते सगळं त्या चेहऱ्यावर उमटत होतं. एखादं माणूस असं ऐकू शकतं? त्याला आपल्याच छातीतला ठोका एकदम मोठा वाटायला लागला.

"हा," तिने डोळे उघडले. तिसरा होता तो. साधा, काळा, दोनच बटणं.

"का?"

"ह्यात वाजवणारा सूर लावायच्या आधी श्वास घेतो. तो ऐकू येतो. त्या दोघांत तो माणूसच नाहीये. नुसती बासरी आहे."

लोकेश खुर्चीत खाली बसला. "मला... माहीतच नव्हतं की मी हेच शोधत होतो."

"खाऱ्या हवेत टिकेल ना पण? आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा गंजतात."

"टिकवू," तो म्हणाला. "जाड कापडाचं कव्हर शिवा. वापरून झाला की झाकून ठेवायचा. लावून द्यायला मी येतो." आणि मग घाईघाईने, "म्हणजे... चालणार असेल तर."

"चालेल," ती म्हणाली. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत, सोडवत.

*

रविवारी रिक्षातून लोकेश तीन खोकी घेऊन चौक गावात उतरला तेव्हा शेजारच्या चार बायका टीव्ही बघायला जमल्या होत्या.

"चितर कुठं हाय?" चंद्रावतीने खोक्यात वाकून पाहिलं.

"चित्र नाही आई ह्यात."

"चितर न्हाय?" तिचा चेहरा पडला. बायका एकमेकींकडे बघून निघून गेल्या. चंद्रावती धुमसत आत गेली. त्यात लोकेशने सांगितलं की कपाट सरकवावं लागेल, स्पीकरच्या आड येतंय. मग तर भांड्यांचा आवाज वाढला.

तो घामाघूम होऊन वायरी जोडत होता. जागृती त्याला पक्कड देत होती, टॉर्च धरत होती. एकदा दोघांची बोटं एकाच वायरीवर आली. कुणीच हात काढला नाही... मग दोघांनीही एकदम काढला.

चंद्रावती चहा घेऊन आली. जरा निवळली होती. "पोरा, आडनाव काय म्हनलास?"

"वाव्हळ," तो म्हणाला. सरळ तिच्याकडे बघून. "आम्ही बौद्ध. मूळचे जालन्याकडचे."

चंद्रावती गप्प झाली. फार नाही. कप खाली ठेवायला लागतो तेवढाच वेळ. मग "घे चाय," म्हणाली. पण तेवढा वेळ खोलीतल्या तिघांनाही ऐकू आला.

बाबांना ओट्यावरून आत आणून खुर्चीत बसवलं. लोकेशने खुर्ची जराशी डावीकडे घेतली, पुन्हा उजवीकडे, मग बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग तो श्वास. आणि बासरी.

बाळारामने मान वर केली. बराच वेळ ते तसेच राहिले. जागृतीला वाटलं, झालं... ह्यांना काहीच नाही झालं. आणि मग मांडीवरचा त्यांचा उजवा हात उठला. बोट पुढे झालं.

"ह्यो... ह्यो हितं बसलाय," ते म्हणाले. दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथे त्यांचं बोट होतं. मग ते सरकलं. "तबलेवाला ह्या अंगाला. वाईच मागं सरून बसलाय." बोट आणखी मागे गेलं. "आन् त्याच्या पाठी कोनतरी बाई हाय गो. तंबोरा घेऊन. बाजूला, अंग चोरून."

लोकेशने चमकून जागृतीकडे पाहिलं. तंबोरा? वर्षभर ऐकत होता तो. त्याने कान दिला. होता. अगदी मागे, धुक्यासारखा. एवढ्या शनिवारांत त्याला कधी ऐकू आला नव्हता.

"दिसतंय मना," बाळाराम म्हणाले. "सगली दिसतात."

चंद्रावती दारात उभी होती. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभं राहून हा माणूस असंच बोट करायचा, पाण्याकडे. तिथं हाय मासली, असं म्हणायचा. त्यानंतर किती काळ लोटला, त्या हाताने काहीच दाखवलं नव्हतं. ती होती तिथेच, उंबरठ्यावर, खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

जागृतीने लोकेशकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवायला विसरला होता. समोर बाबा, कानात बासरी, आणि हा परका माणूस तिच्या घरात उभा राहून रडतोय... तिला वाटलं, एका छातीत एवढं सगळं मावतं कसं?

*

पुढच्या शनिवारी ती दुकानात गेली. काय आणायचं होतं ते तिने ठरवलं नव्हतं. लोकेश नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

"वो तो आया ही नहीं, बेन," उत्तमभाई म्हणाले. त्यांनाच करमत नव्हतं. "खुर्सी खाली है."

सोमवारी वकीलसाहेब कोर्टात गेले होते. जागृतीने टाइपरायटरवर झाकण घातलं, फोन पुढे ओढला आणि तक्रारीचा नंबर फिरवला. आधी एका बाईंनी उचलला, जागृतीने ठेवून दिला. पुन्हा फिरवला. मग एक आवाज आला. तो आवाज तिने हजारांतून ओळखला असता.

"तक्रार विभाग."

"तक्रार करायचीय."

"नंबर सांगा."

"नंबर नाही. माणूस आहे."

पलीकडून अगदी हळू, "कोण बोलतंय?"

"ग्राहक. दर शनिवारी सेवा चालू होती. काही न कळवता बंद झालीय."

"लाईनमध्ये... काही दोष असेल."

"माझ्या बाजूला नाही. मी तपासून पाहिलंय."

"जागृती," तो म्हणाला. तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. "तुमच्या आईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या गप्प झाल्या. पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं."

"ती शांतता माझ्या ओळखीची आहे. लहानपणापासून. तिचा राग नाही आला मला... पण त्याच खोलीत तुमच्या बाबांनी हात उचलला. त्यानंतर मी तिथे पुन्हा पुन्हा आलो आणि माझ्यामुळे घरात भांडण झालं, तर ते सगळं नासेल. ते मला नको होतं."

"आणि मला काय हवंय? ते कुणी विचारलं?"

त्याने श्वास घेतला. तिला तो ऐकू आला. भाईंदरच्या जुन्या तारांमधून, सगळ्या खरखरीतून, स्वच्छ.

"काय हवंय तुम्हाला?"

"शनिवार," ती म्हणाली. "पुढचे सगळे."

त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, "वाव्हळ, किती वेळ ती लाईन?" लोकेशने घसा खाकरला आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाला, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." पण शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फुटला. जागृतीने रिसीव्हर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली... डोळ्यांतलं पाणी बोटांमधून खाली येईपर्यंत.

घरी गेल्यावर तिने आईला लोकेशबद्दल सरळ सांगितलं. चंद्रावती वलांडीवर, मासळी सुकवायच्या काठ्यांवर, बोंबील घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तवा मी गप्प झाले," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? गाव काय म्हनल, तेच आलं पयलं मनात."

"आणि आता?"

"गाव बोलंल. बोलू दे." तिने एक बोंबील दुसऱ्याच्या तोंडात अडकवला आणि काठीवर टाकला. "मी रोज त्याच खोलीत निजते गो. तुझा बाप अंधारात बोट करून मना सांगतो, कोन कुठं बसलंय. पंधरा वरसं झाली, एवढं बोलला नव्हता माझ्याशी." मग तिने पदराला हात पुसले. "त्याच्या घरी कोन कोन हाय?"

"आई. वडील नाहीत."

"मासली खातात?"

"खातात."

"मंग रयवारी जाऊ. ताजी घेऊन."

*

हाटकेशच्या त्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर लोकेशचं घर होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. चंद्रावतीने दारातच दोन्ही तसबिरींना हात जोडले आणि मग थेट मुद्द्याला आली. "इंदूबाई, तुमच्या पोरानं आमचं घर जागं केलं. त्याला न्यायला आले मी."

लोकेशची आई इंदूबाई गडबडूनच गेली. कुठं बसवू, काय देऊ, असं तिला झालं. मग पाटीतली पापलेटं आणि ओले बोंबील पाहून आणखीच. "बाई, आम्ही मराठवाड्यातली माणसं. आमच्याकडं नदीतला मासा. हे एवढं मऊ कसं धरायचं?"

"सरा, मी दावते," म्हणून चंद्रावती विळी घेऊन मोरीशी बसलीच. थोड्या वेळात दोघींचे आवाज एकमेकींत मिसळले. एक जालन्याच्या विहिरींबद्दल सांगत होती, दुसरी वादळाबद्दल. मधेच दोघी कशालातरी खळखळून हसल्या.

लोकेश आणि जागृती गच्चीवर आली. दुपार कलली होती. पलीकडे मिठागरं पसरली होती, चौकोनामागे चौकोन, आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पांढऱ्या राशी. ऊन त्या राशींवर पडलं होतं. एवढा उजेड की दोघांनाही डोळे बारीक करावे लागले. जागृती ह्या वाटेने कितीदा गेली होती. हे असं आहे हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मी काही वाक्यं तयार केली होती," लोकेश म्हणाला. कठड्यावरचा रंग नखाने खरवडत. "चार-पाच. काल रात्रीपासून घोकतोय. आता त्यातलं कुठलं बोलावं ते... म्हणजे, एक जरा नाटकी आहे. एक फारच साधं आहे. तुम्हाला कुठलं..."

तो थांबला. तिने त्याचा नखाने रंग काढणारा हात धरला होता. कठड्यावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत.

"तू बोल तर खरं," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू?"

"हो. तू." तिचे गाल तापले होते, पण नजर हलली नाही. "बोल. मी ऐकतेय."

आणि तो बोलायला लागला. नाटकी वाक्य, साधं वाक्य, अर्धवट राहिलेलं वाक्य, एकात दुसरं मिसळून, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. जागृती ऐकत राहिली, डोळे मिटून, ओठ किंचित उघडे ठेवून. खालून तळलेल्या माशांचा वास आला. दोन्ही आयांनी एकदम हाका मारल्या, "जेवायला चला रे!" मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा.

वर कुणीच उत्तर दिलं नाही.